पहिलं पिवळं पान

रावेरच्या केळीचा भाव बऱ्हाणपुरात ठरतो. तिथल्या बाजारात लिलाव झाला की आकडा फोनवरून रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपड्यापर्यंत पोचतो आणि त्या दिवशी बागेतून निघणाऱ्या मालाची किंमत त्यावरून लावली जाते. जाहीर झालेला भाव शेतकऱ्याच्या हातात पडतोच असं नाही, आणि त्यावरची भांडणं जुनी आहेत. पण मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर आणि जळगाव जिल्ह्याचा हा केळीपट्टा व्यवहाराने एकच आहे. व्यापारी तेच, ट्रक तेच, नदीही तीच. बऱ्हाणपूरच्या काठाने आलेली तापी पुढे खान्देशात उतरते. राज्याची सीमा नकाशात दिसते, बांधावर दिसत नाही.

२०१९च्या सुमाराला बऱ्हाणपूरचं नाव आणखी एका यादीत आलं. बिहारमधले कटिहार आणि पूर्णिया, उत्तर प्रदेशातलं फैजाबाद म्हणजे आताचा अयोध्या जिल्हा, गुजरातेत सुरत आणि मध्य प्रदेशात बऱ्हाणपूर. केळीच्या मर रोगाची ‘ट्रॉपिकल रेस ४’ ही जात भारतात जिथे जिथे आढळली, त्या ठिकाणांची ही यादी. शास्त्रज्ञ तिला थोडक्यात टीआर-४ म्हणतात. महाराष्ट्रात केळीचं सर्वांत मोठं क्षेत्र जळगाव जिल्ह्यात आहे, आणि रावेरहून बऱ्हाणपूर गाडीने तासाभराच्या आत येतं. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्यावर मला या विषयाकडे दूरच्या देशांची बातमी म्हणून बघता येईना.

आधी झाड कसं मरतं ते पाहू. सुरुवात बाहेरच्या, जुन्या पानांपासून होते. कडा पिवळ्या पडतात, पिवळेपणा मधल्या शिरेकडे सरकतो, मग देठ मोडतो आणि पान खोडाला लगटून खाली लोंबतं. एकेक करून सगळी पानं तशीच लोंबू लागतात. वरचा पोंगा काही दिवस हिरवा उभा असतो, त्यामुळे पाण्याचा ताण पडला असेल, खत कमी पडलं असेल, असं वाटत राहतं. पुढे बुंध्याजवळ खोड उभं चिरतं. असं खोड आडवं कापलं तर जिथे पांढरा, पाणीदार गाभा दिसायला हवा तिथे तांबूस-तपकिरी वर्तुळं दिसतात. कंद चिरला तरी तोच रंग. झाड निसवलंच नसेल तर घड येत नाही. निसवलं असेल तर फण्या भरत नाहीत.

हे करणारी बुरशी जमिनीत राहते. ‘फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम’ तिचं नाव, आणि केळीवर जगणारा तिचा उपप्रकार म्हणजे ‘क्युबेन्स’. ती मुळांतून आत शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या वाहिन्यांत वाढते. झाड तिला अडवायला त्या वाहिन्यांत डिंकासारखा पदार्थ सोडतं. बुरशी आणि डिंक मिळून नळात गाळ बसावा तशी वाट बंद होते, आणि ठिबकच्या नळ्या पायाशी थेंब टाकत असताना झाड तहानेने मरतं. झाड मेलं की बुरशी जाड कवचाचे बीजाणू करून मातीत पडून राहते. किती काळ? वीस-तीस वर्षं. तेवढ्या काळात बापाची जमीन मुलाच्या नावावर होते. फवारणीने ती मरत नाही, आळवणीने पुरती हटत नाही, पीक फेरपालटाने कमी झाली तरी संपत नाही. मावा मारता येतो, करप्यावर बुरशीनाशक चालतं. इथे मात्र एकदा जमीन बाधली की त्या जमिनीत तीच केळी पुन्हा लावण्यात अर्थ उरत नाही.

आणि रोग दिसायला वेळ लागतो. मुळांत शिरल्यापासून पान पिवळं पडेपर्यंत महिने जाऊ शकतात. तोवर त्या झाडाखालची माती बुटांना, नांगराच्या फाळाला, ट्रॅक्टरच्या चाकांना लागून चार शेतांत फिरून आलेली असते. त्या कंदाची पिलं कुणी लावायला नेलेली असतात. खोडाला लागलेला कोयता धुवायचा असतो, हे त्या दिवशी कुणाच्या डोक्यातही नसतं.

हे सगळं जगात एकदा घडून गेलेलं आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिका आणि युरोपात जे केळं खाल्लं जायचं ते आज आपण खातो ते नव्हतं. त्या जातीचं नाव ग्रो मिशेल. आग्नेय आशियातून ती फ्रेंचांच्या मार्टिनिक बेटावर गेली आणि १८३५च्या सुमाराला झाँ फ्रान्स्वा पुया याने तिथून ती जमैकात नेली. जाड सालीचं, मोठ्या घडाचं, प्रवासात न डागाळणारं फळ. अख्खे घड जहाजाच्या पोटात रचून न्यायचे, खोक्यांची गरज नाही. या फळावर मध्य अमेरिकेत रेल्वे झाल्या, बंदरं झाली, १८९९मध्ये युनायटेड फ्रूट कंपनी उभी राहिली आणि पुढे तिने सरकारंही आपल्या मुठीत ठेवली.

मर रोगाची नोंद ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळ १८७६मध्येच झाली होती. १८९०च्या सुमाराला तो पनामा आणि कोस्टा रिकाच्या मळ्यांत दिसला आणि पनामा रोग हे नाव त्याला कायमचं चिकटलं. कंपन्यांनी त्यावर शोधलेला उपाय सोपा होता: जमीन सोडायची, जंगल तोडायचं, पुढे जायचं. होंडुरासमध्ये बांध घालून बाधित जमिनी महिनोन् महिने पाण्याखाली बुडवून ठेवल्या. पाणी सोडून पुन्हा केळी लावली की काही वर्षांत बुरशी परत आली. पन्नास वर्षांत मध्य आणि दक्षिण अमेरिकेत सुमारे ४०,००० हेक्टर मळे मेले किंवा टाकून द्यावे लागले. कंपनीजवळ सोडून द्यायला जमीन होती आणि तोडायला जंगल होतं. त्या मळ्यांवर मजुरी करणाऱ्या माणसांना मागे सोडलेल्या गावांत राहायचं की कंपनीमागे जायचं एवढंच ठरवता येत होतं. या इतिहासातला मला सर्वांत जड वाटणारा भाग तो आहे, आणि केळीच्या कहाण्यांत त्याला फारच कमी जागा मिळते.

शेवटी १९५० आणि ६०च्या दशकांत जात बदलावी लागली. नवी जात होती कॅव्हेंडिश. मूळ दक्षिण चीनकडची, मॉरिशसमार्गे इंग्लंडला पोचलेली, १८३०च्या दशकात ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या चॅट्सवर्थमधल्या काचघरात जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने वाढवलेली. ड्यूकचं घराणं कॅव्हेंडिश, म्हणून केळीचंही नाव तेच. हिची साल पातळ, ती लगेच डागाळते. म्हणून फण्या वेगळ्या करून खोक्यांत भरायची पद्धत आली. चवीला ती ग्रो मिशेलपेक्षा उणी, असं दोन्ही खाल्लेले लोक सांगत. पण पनामा रोगाच्या त्या वेळच्या जातीला, ‘रेस १’ला, ती बळी पडत नव्हती. तेवढं पुरेसं होतं.

आज जगात पिकणाऱ्या केळ्यांपैकी जवळजवळ निम्मी कॅव्हेंडिश आहेत. देशोदेशी जाणारी केळी तर बहुतेक सगळी तीच. खान्देशात जुन्या माणसांना आठवणारी बसराई, मग श्रीमंती, महालक्ष्मी, नांदेडकडची अर्धापुरी आणि आता सगळीकडे पसरलेली ग्रँड नैन ही सगळी त्याच कुळातली. कुणी बुटकी, कुणाचा घड मोठा, कुणाची फणी सरळ. पण रोगाच्या दृष्टीने ती एक आहेत.

असं होण्याचं कारण केळीच्या जन्मातच आहे. खाण्याच्या केळात बी नसतं. ही झाडं बियांपासून येत नाहीत, कंदाच्या पिलापासून येतात किंवा प्रयोगशाळेत पेशींपासून वाढवलेली टिश्यूची रोपं असतात. म्हणजे नवं झाड हे जुन्या झाडाचाच तुकडा. आई-बापाच्या गुणांची सरमिसळ होऊन एखादं पोर निराळं, काटक निपजावं, ही सोय इथे नाही. रावेरच्या बागेत, सोलापूरच्या कंदरमध्ये, इक्वेडोरमध्ये आणि फिलिपिन्सच्या मिंडानाओ बेटावर उभी असलेली ग्रँड नैन मुळात एकाच झाडाची पिलं आहेत. एकाला जे मारतं ते सगळ्यांना मारतं.

टीआर-४ने तेच सिद्ध करायला घेतलं. १९६७मध्ये तैवानमध्ये कॅव्हेंडिश मरताना दिसली. जपानला केळी पाठवणारा तो देश. त्याची निर्यात पुढच्या वर्षांत ओसरत गेली. १९९०च्या दशकात इंडोनेशिया आणि मलेशियात निर्यातीसाठी नव्याने लावलेले मोठे मळे गेले. १९९७मध्ये उत्तर ऑस्ट्रेलिया. मग चीन आणि फिलिपिन्स. २०१३मध्ये जॉर्डन आणि मोझांबिक इथून एकाच वर्षी बातम्या आल्या आणि रोग आफ्रिकेतही पोचल्याचं कळलं. मोझांबिकच्या उत्तरेला नांपुला प्रांतात निर्यातीसाठी उभा केलेला प्रचंड मळा काही वर्षांत बंद पडला. ऑगस्ट २०१९मध्ये ला ग्वाहिरा भागात रोग सापडल्यावर कोलंबियाने आणीबाणी जाहीर केली, २०२१मध्ये पेरू, २०२३मध्ये व्हेनेझुएला. ज्या दक्षिण अमेरिकेतून जगाच्या बाजारात सर्वाधिक केळी जातात, तिथे तो आता घरात आहे.

एवढं वाचून केळी संपणार असा निष्कर्ष पाश्चात्त्य वर्तमानपत्रं दर काही वर्षांनी काढतात. तो मला पटत नाही. केळी हा सुपरमार्केटच्या फळीपुरता विषय नाही. उष्ण कटिबंधातल्या सुमारे ४० कोटी लोकांच्या रोजच्या जेवणाचा ती आधार आहे. युगांडात हिरव्या केळ्यांचं वाफवून केलेलं मातोके हे मुख्य अन्न, तिथल्या काही भागांत माणशी वर्षाला दोनशे किलोंच्या वर केळी खाल्ली जातात. भारत जगात सर्वांत जास्त केळी पिकवतो, जगातल्या चार केळ्यांपैकी साधारण एक आपलं, आणि त्यातली बहुतेक आपणच खातो. निर्यातदार कंपन्यांसाठी धोका म्हणजे तोटा. ज्याच्या दोन एकरांत केळीच आहे त्याच्यासाठी धोका म्हणजे मुलीचं शिक्षण आणि सोसायटीचं कर्ज. पीक जगातून नाहीसं होण्याच्या कितीतरी आधी असं एखादं घर बसतं.

बिहारमध्ये ते झालेलं आहे. आणि तिथली गोष्ट मध्य अमेरिकेच्या गोष्टीशी इतकी जुळते की वाचताना अस्वस्थ व्हायला होतं. मालभोग ही बिहारची लाडकी केळी, गंधासाठी आणि चवीसाठी नावाजलेली. ती पनामा रोगाच्या जुन्या जातीला बळी पडते, आणि त्या रोगाने तिची लागवड आक्रसत गेली. जी कॅव्हेंडिश या जुन्या रोगाला दाद देत नाही, तिचीच ग्रँड नैन कोसीच्या पूरमैदानात, कटिहार-पूर्णियात पसरली. तिथेच टीआर-४ आला. पुराचं पाणी एका शेतातून दुसऱ्या शेतात जाणारा तो मुलूख. मातीत राहणाऱ्या बुरशीला याहून सोयीचं काय हवं? केळी सोडून शेतकरी मक्याकडे वळले, मखान्याकडे वळले. मक्याने पोट भरतं, पण केळीच्या एकरात जे उत्पन्न मिळत होतं ते मक्याच्या एकरात मिळत नाही.

उत्तर प्रदेशात एक आशेची बाजू आहे. लखनौची केंद्रीय उपोष्ण फलोत्पादन संस्था आणि मृदा लवणता संशोधन संस्थेचं लखनौ केंद्र यांनी मिळून ट्रायकोडर्मा रीसी या उपकारक बुरशीपासून ‘फ्युसिकॉन्ट’ नावाचं जैविक औषध तयार केलं. फैजाबादकडच्या बाधित बागांत ते वापरून झाडं वाचवता आली, असं या संस्थांचं म्हणणं आहे. ट्रायकोडर्मा आपल्याकडच्या शेतकऱ्याला नवा नाही, शेणखतात मुरवून वापरणारे पुष्कळ आहेत. पण या औषधाने जमीन बुरशीमुक्त होत नाही. ते हंगामागून हंगाम, वेळेवर देत राहावं लागतं, आणि चुकलं की बुरशी आपल्या जागी असतेच. ते जगण्याचं साधन आहे, सुटकेचं नाही. दुकानात ‘पनामाचा खात्रीलायक इलाज’ म्हणून कुणी बाटली पुढे केली तर ती परत सरकवावी, एवढं तरी ठामपणे म्हणता येतं.

आता खान्देशाकडे येऊ.

जळगावची केळी वाढते ती केवळ हवेमुळे नाही. मे महिन्यात इथे पारा बेचाळीसच्या वर जातो, हिवाळ्यात दहाच्या खाली उतरतो. केळीला दोन्ही मानवत नाही. तरी तापीकाठच्या काळ्या, खोल जमिनीत इथल्या माणसांनी ती जोपासली. जून-जुलैची मृगबाग आणि ऑक्टोबरच्या सुमाराची कांदेबाग असे लागवडीचे दोन हंगाम बसवले, गरम वाऱ्याला आडवी शेवरी-गजराजाची कुंपणं लावली, सावदा-रावेरहून रेल्वेच्या वॅगनी भरभरून दिल्लीकडे पाठवल्या. पुढे ठिबक आलं, १९९०च्या दशकात जळगावातच टिश्यूची रोपं तयार होऊ लागली, आणि अठरा महिन्यांचं पीक अकरा-बारा महिन्यांवर आलं. २०१६मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. दोन-तीन पिढ्यांचं हे शहाणपण आहे आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

टिश्यूच्या रोपांनी रोगाच्या बाबतीत एक मोठा फायदा दिला. प्रयोगशाळेतलं रोप मातीतली बुरशी घेऊन येत नाही. बाधित कंदाची पिलं गावोगाव नेणं हा मर रोगाच्या प्रवासाचा सगळ्यांत जुना रस्ता. तो त्यामुळे बराच बंद झाला. बायोटेक्नॉलॉजी विभागाने २००६पासून अशा रोपांच्या प्रयोगशाळांसाठी प्रमाणीकरणाची व्यवस्थाही उभी केली. पण रोप प्रयोगशाळेतून निघाल्यावर नर्सरीत, पिशवीतल्या मातीत वाढतं. ती माती कुठली, पाणी कुठलं, हे विचारणारे शेतकरी थोडे. आणि रोप निरोगी असलं तरी ते रोगाला पुरून उरणारं नसतं. बाधित जमिनीत ते इतर कुठल्याही ग्रँड नैनसारखंच मरेल. शिवाय पहिलं पीक टिश्यूचं घेऊन मग पिलबाग ठेवायची, शेजाऱ्याला चार पिलं द्यायची, हे चालूच आहे. पाहुण्याने मागितलेलं पिल नाही म्हणणं आपल्याकडे जड जातं.

रोगाचा फटका म्हणजे काय, ते खान्देशाने अलीकडेच पाहिलं आहे. २०२० आणि २०२२च्या पावसाळ्यात रावेर-यावलच्या कोवळ्या बागांत कुकुंबर मोझॅक विषाणू, म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलीत हरण्या रोग, असा पसरला की हजारो रोपं उपटून बांधावर टाकावी लागली. ढगाळ हवा, रिमझिम, मावा, आणि बांधावरच्या तणात व शेजारच्या काकडीवर्गीय पिकांत टिकून राहिलेला विषाणू. नुकसानभरपाईसाठी मागण्या झाल्या, पंचनामे झाले. तरीही त्या शेतकऱ्यांनी पुढच्या हंगामात त्याच जमिनीत पुन्हा केळी लावली, कारण हरण्या मातीत राहत नाही. टीआर-४ आला तर हे ‘पुढच्या हंगामात पुन्हा’ उरणार नाही.

मग करायचं काय? जातीचा पर्याय शोधायचं काम जगभर चालू आहे, आणि ते अवघड आहे. केळीला बीच नाही, तर संकर कसा करायचा? होंडुरासमधल्या एफएचआयए या संस्थेत फिल रो यांनी हयात घालवून तो केला. हजारो घडांना हाताने परागकण लावायचे, पिकलेली केळी चाळणीतून गाळायची आणि टनभर गरातून मूठभर बिया मिळाल्या तर त्या पेरायच्या. त्यातून एफएचआयए-०१, म्हणजे गोल्डफिंगर ही रोगाला तोंड देणारी जात निघाली. पण तिची चव कॅव्हेंडिशसारखी नाही, त्यामुळे व्यापाराने तिला जवळ केलं नाही. तैवानच्या संशोधकांनी निराळी वाट धरली. टिश्यू कल्चरमध्ये आपोआप होणाऱ्या बदलांतून रोगाला बऱ्यापैकी टिकणारी कॅव्हेंडिश त्यांनी निवडून काढली. फिलिपिन्समध्ये बाधित जमिनीत ती आज लावली जाते, मात्र पक्व व्हायला वेळ जास्त घेते.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या तंत्रज्ञान विद्यापीठात जेम्स डेल यांच्या गटाने आग्नेय आशियातल्या एका रानकेळीतला, आरजीए-२ नावाचा जनुक ग्रँड नैनमध्ये घातला. नॉर्दर्न टेरिटरीतल्या बाधित जमिनीत तिच्या अनेक वर्षं चाचण्या झाल्या आणि फेब्रुवारी २०२४मध्ये क्यूसीएव्ही-४ या नावाने तिला ऑस्ट्रेलियात लागवडीची आणि खाण्याची परवानगी मिळाली. ती बाजारात आणायची घाई मात्र तिथे कुणाला नाही. वेळ आलीच तर हाताशी असावी, म्हणून ती ठेवली आहे. जनुकीय पिकांबद्दल आपल्याकडे मतं टोकाची आहेत. माझ्या लेखी इथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. ज्या झाडाने हा जनुक दिला ते बियांनी भरलेलं, खाता न येणारं, कुणी कधी विकत न घेतलेलं रानझाड होतं. आपल्याही ईशान्येच्या आणि पश्चिम घाटाच्या रानांत अशी केळी आहेत. त्यांचा आणि शेकडो देशी जातींचा संग्रह तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्रात आहे, आणि त्या एका जागेवर पुष्कळ काही अवलंबून आहे.

जातींची विविधता असती तर बरं झालं असतं, हे म्हणणं सोपं आहे. वसईत राजेळीची सुकेळी अजून होतात, वेलची केळी मुंबईच्या हातगाडीवर अजून मिळतात, गोव्यात मयड्याची मोठी केळी लोक मुद्दाम शोधून घेतात. पण दिल्लीच्या मंडईला किंवा आखाती देशात माल पाठवणाऱ्या पॅकहाउसला यांतलं काहीच नको आहे. त्यांना एका मापाची, एका रंगाची, एकाच दिवशी पिकणारी फणी हवी, आणि शेतकरी बाजार मागतो तेच लावणार. शिवाय देशी तेवढं काटक असंही नाही. मालभोगचं उदाहरण वर आलंच आहे. जात बदलणं हे दहा-वीस वर्षांचं काम आहे, आणि तोवर रोगाला लांब ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

लांब ठेवण्याचं काम कसं होतं, हे पाहायला मला क्वीन्सलँडमधलं टुली सगळ्यात उपयोगी वाटतं. ऑस्ट्रेलियाची बहुतेक केळी त्या भागात पिकतात. मार्च २०१५मध्ये तिथल्या एका शेतात टीआर-४ सापडला. फाटकावर पाट्या लागल्या, चाकं आणि बूट धुण्याची सोय झाली, बागेत जाणाऱ्या-येणाऱ्याची नोंद होऊ लागली. पण निर्णायक गोष्ट पुढे झाली. २०१६मध्ये सरकारच्या मदतीने तिथल्या केळी उत्पादकांच्या संघटनेने ते बाधित शेतच विकत घेतलं, केळी नष्ट केली आणि ती जमीन लागवडीतून काढून टाकली. एका शेतकऱ्याचं नुकसान सगळ्यांनी मिळून उचललं. त्यानंतरच्या वर्षांत रोग मोजक्या शेतांपलीकडे गेलेला नाही, आणि टुलीची केळी आजही बाजारात येते.

ऑस्ट्रेलियाला ही रीत नवी नव्हती. पर्णगुच्छ रोगाने १९२०च्या दशकात न्यू साउथ वेल्सच्या केळीबागा उजाड केल्या होत्या. सी. जे. पी. मॅगी या तरुण शास्त्रज्ञाने तो माव्यामुळे पसरतो हे दाखवलं, आणि रोगट झाड दिसताच ते काढण्याची कायद्याने सक्ती झाली. औषध तेव्हाही नव्हतं. शोधायचं, सांगायचं, उपटायचं, एवढ्यावर तो धंदा पुन्हा उभा राहिला. युगांडात २००१मध्ये जिवाणूजन्य मर आला तेव्हाही असंच झालं. कीटकांना रोग पसरवता येऊ नये म्हणून बेचकीच्या काठीने केळफूल मोडून टाकायचं आणि कोयता विस्तवावर धरून शुद्ध करायचा, हे शेतकऱ्यांनी एकमेकांना शिकवलं. जिथे जिथे रोग आवरला गेला तिथे पहिलं रोगट झाड लवकर उघड झालं होतं.

आणि इथेच आपली गाडी अडते. रावेरच्या एखाद्या शेतकऱ्याच्या बागेत उद्या एक झाड वरच्यासारखं पिवळं पडलं, खोड कापल्यावर तांबूस वर्तुळ दिसलं, तर त्याने कुणाला सांगावं आणि सांगून त्याला काय मिळेल? सांगितलं तर व्यापारी त्याच्या बागेकडे फिरकणार नाही. शेजारी नाराज होतील, गावाचं नाव खराब होईल, उभी बाग नष्ट करायला सांगतील. न सांगता घड उतरवून विकला तर या वर्षाचे पैसे तरी सुटतील. त्याने गप्प राहायचं ठरवलं तर त्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

केळीला विमा आहे. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत पारा ठरावीक अंशाखाली गेला, ठरावीक अंशावर गेला, वाऱ्याचा वेग ठरावीक आकडा ओलांडून गेला, गारपीट झाली, तर पैसे मिळतात. जळगावचे शेतकरी या योजनेत मोठ्या संख्येने असतात आणि थंडीच्या रात्री हवामान केंद्राच्या आकड्यावर डोळा ठेवून असतात. पण त्या योजनेची मोजपट्टी हवेची आहे. मातीतून आलेला रोग तिला दिसत नाही. म्हणजे एका रात्रीच्या थंडीने घड काळवंडला तर भरपाईला आधार आहे, आणि वीस वर्षांसाठी जमीन केळीतून गेली तर या योजनेत आधार नाही.

हे जुळवून आणणं कुणाच्या आवाक्याबाहेरचं नाही. जळगावला केळी संशोधन केंद्र आहे, राहुरीचं कृषी विद्यापीठ त्याच्या मागे आहे, तिरुचिरापल्लीला रोगाची जात ओळखणारी यंत्रणा आहे. बऱ्हाणपूर आणि जळगाव या दोन जिल्ह्यांच्या कृषी विभागांनी एकत्र बसून ठरवायच्या गोष्टी थोड्या आहेत. नमुना कुणी घ्यायचा आणि किती दिवसांत उत्तर द्यायचं. उत्तर येईपर्यंत शेतकऱ्याचं नाव कुणालाही कळू द्यायचं नाही. रोग निघाला तर नष्ट केलेल्या बागेची आणि पुढची काही वर्षं पडून राहणाऱ्या जमिनीची किंमत कोण देणार: राज्य, केंद्र, की केळीवर जगणारे व्यापारी, पॅकहाउसवाले आणि बागायतदार मिळून उभा करतील तो निधी. कापणीच्या टोळ्यांच्या कोयत्यांसाठी आणि ट्रकच्या चाकांसाठी सीमेवरच्या रस्त्यांवर धुण्याची सोय कुठे करायची. पुढची मृगबाग जूनमध्ये लागेल. नमुना घेणाऱ्याचा फोन नंबर आणि भरपाईचा दर रावेर-यावलच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर त्याआधी लिहिलेला असायला हवा.